स्टँड हलला नाही

अब्दुल गनींनी स्टँडचे तिन्ही पाय पुरते उघडले, माथ्यावर दोन्ही तळवे टेकवले आणि अंगाचा भार टाकला. बारीक पायांनी कुरकुर केली आणि त्यातला एक हळूच आत सरकला.

"चाचा, याच्यावर कॅमेरा ठेवा लागते, बसा नाई लागत," यवतमाळचा तो दुकानदार हसत म्हणाला.

"कॅमेऱ्याचं वजन कितीक असते? लग्नात पोट्टे येऊन धडकतात, त्याचं बोला." अब्दुल गनींनी स्टँड मिटून त्याच्यापुढे सरकवला. "दुसरा दाखवा."

तारिक काउंटरला टेकून उभा होता. कॅमेरा त्याचा, स्टुडिओही त्याचा. पण वडील सोबत असले की कुठलीही वस्तू त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय घरी येत नसे. अब्दुल गनी बोरी अरबला फवारणीचे पंप दुरुस्त करत. दुकानाचा पुढचा भाग त्यांचा आणि पडद्यामागचा स्टुडिओ लेकाचा. पुढे पंप टाकायचा आणि तो होईस्तोवर मागे जाऊन फोटो काढून घ्यायचा, अशी गावाची सोय होती. पोळ्यापर्यंत ती बरी चालली होती.

पोळ्यानंतर पंप टाकायला आलेल्या नानाजींचा फोटो बिघडला. एका मानेवर दोन तोंडं आली. एक जागेवर होतं, आणि दुसरं त्याच्यातूनच निसटून जरासं बाजूला सरकलेलं. डोळे चार, त्यातला एकही धड नाही. तारिकने पुन्हा काढला, तरी तसाच आला. "चला, घरी न्याले दोन नानाजी झाले," म्हणून नानाजी स्वतःच हसले होते. आठवडाही गेला नाही, आणि कपाशीच्या ओळीत पंप पाठीवर असतानाच ते कोसळले, ते उठलेच नाहीत. मग फवारणीच्या मजुरीवर जाणाऱ्या प्रेमसिंगचा फोटो तसाच आला. प्रेमसिंग दवाखान्यातून परत आला खरा, पण त्याला अजून सगळं धुरकट दिसत होतं.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी हटत नव्हती आणि लोक दोन-तीन औषधं एकात कालवून मारत होते. गावोगावी फवारणारी माणसं आजारी पडत होती. बोरीत मात्र बोट कॅमेऱ्याकडे गेलं. तारिकच्या कॅमेऱ्यात ज्याचं तोंड फुटतं त्याचं काही खरं नाही, असं आधी बायका कुजबुजल्या आणि मग पुरुष उघड बोलू लागले. पंप पुढे येत होते, पण पडद्यामागे कुणी येईना. किसनरावांनी मुलीच्या लग्नाचे फोटो तारिकला सांगितले होते. त्यांनीही पाय मागे घेतला. "आधी एक साफ फोटो दाखव. मंग माह्या खुशीले तुह्या कॅमेऱ्यापुढं उभी करतो," ते म्हणाले होते.

तारिक शिकलेला मुलगा होता. असल्या गोष्टी त्याने हसण्यावारी नेल्या, निदान दिवसा तरी. आपला हात हलतो, त्यामुळे फोटो हलतो, बस्स, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. स्टँड घेतला की फोटो साफ येईल. गावाची खात्री पटेल, आणि आपलीही. आपलीही पटायची राहिली आहे, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"फोटो काढता कशावर?" दुकानदाराने विचारलं.

"दोन ट्यूबलाइटवर. फ्लॅश मारला का तोंडं पांढरीफटक येतात."

"मंग हलनच. उजेड कमी असला का शटर बराच वेळ उघडं राह्यते. तेवढ्यात माणूस हलला तं माणूस दोनदा येते, अन् कॅमेरा हलला तं सगळंच दोनदा येते." त्याने मागच्या फळीवरून जाड पायांचा एक ॲल्युमिनियमचा स्टँड काढला. "हा घ्या. वजनदार आहे, पण जागचा हलत नाई. याच्यावरचं हेड वेगळं घ्या लागते."

कॅमेरा धरणारी हेडं दोन होती. एकात लिंबाएवढा गोळा बसवलेला होता. एक खुंटी ढिली केली की कॅमेरा हवा तिकडे वळे. दुसऱ्याला तीन दांड्या होत्या. मान वरखाली करायला एक, डावीउजवीकडे वळवायला एक आणि कलती करायला एक.

"लग्नाले गोळ्याचंच बरं. झटपट काम," दुकानदार म्हणाला.

तारिकने गोळ्याच्या हेडवर कॅमेरा चढवला, समोरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि खुंटी आवळली. हात सोडल्यावर कॅमेऱ्याने मान किंचित खाली टाकली. नेम तारखांवरून खालच्या जाहिरातीवर घसरला. त्याने पुन्हा आवळली, कॅमेरा पुन्हा तेवढाच झुकला. डुलकी लागलेल्या माणसासारखी ती मान पाहून तारिकला उगीच कसंतरी झालं.

"एक खुंटी ढिली झाली का सारंच पडते याच्यात," अब्दुल गनी म्हणाले. "तीन दांड्यांचं घे. एक सुटली तं दोन धरून ठेवतात."

ते हेड त्यांनी स्वतःच बसवायला घेतलं. आटे काही केल्या धरेनात. एरवी पंपाची झाकणं न पाहता लावणारा माणूस. आज दोनदा चुकला आणि "नवे आटे आहेत," असं पुटपुटत तिसऱ्यांदा बसवून मोकळा झाला. तारिकने कॅमेरा चढवला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर कॅलेंडरचे आकडे बारीक थरथरत होते.

"अब्बा, हात काढा जरा."

अब्दुल गनींनी स्टँडवरचा हात काढला. आकडे एकदम स्थिर झाले. बाहेरून कापसाच्या गाठींचा ट्रक धडधडत जात होता. तारिकने दाराकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच सोडून दिला.

"बटन दाबतानाही हात लागते," बांधून देताना दुकानदार म्हणाला. "टायमर लावत जा. कॅमेऱ्याले हातच लावू नका, मंग पाहा."

दसरा होऊन गेला तरी ऊन उतरलं नव्हतं. परतीच्या एसटीत अब्दुल गनींच्या सदऱ्याची पाठ ओलीचिंब झाली होती. इतर कुणाला एवढा घाम नव्हता. त्यांनी रुमाल पिळला, पुन्हा तोंड पुसलं आणि स्टँडचं खोकं बोरी येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवू दिलं नाही.

दुकानात पोचल्याबरोबर तारिकने आई आणि बहिणीला हाक मारली. शमा लगेच आली. हजराबी मात्र पडदा धरून उंबऱ्यातच थांबल्या.

"मले नाई बसायचं त्याच्यापुढं," त्या म्हणाल्या.

"घरच्याच माणसाले भेव वाटलं, तं गाव कायले येईन?" अब्दुल गनींनी बाकावर थाप मारली. "बस अथी, माह्या बाजूले."

हजराबींनी ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत ओढणी सारखी केली आणि बसल्या. मागे निळ्या कापडाचा पडदा होता, त्यावर पांढरी फुलं. तारिकने स्टँडचे पाय फरशीवर रोवले, एकेक दांडी आवळली आणि टायमर लावला. समोरचा लाल दिवा लुकलुकू लागला. तो धावत जाऊन शमाच्या शेजारी बसला. कॅमेऱ्याजवळ आता कुणीच नव्हतं. चौघांच्याही नजरा त्या दिव्यावर होत्या, आणि तो एकटा दिवा त्यांच्याकडे पाहत होता. दिवा जलद लुकलुकला. शटर उघडलं आणि जरा वेळाने मिटलं.

तारिकने कॅमेऱ्यात पाहिलं. आपल्याच सदऱ्याची शिवण त्याला दिसली. शमाच्या कानातला खडा, अम्मीच्या ओढणीची किनार, पडद्यावरची फुलं, सगळं लख्ख होतं. हात हलतो म्हणून दोन महिने त्याने स्वतःला दिलेल्या शिव्या एका क्षणात उतरल्या. तो मोठ्याने हसला. मग त्याने चित्र सरकवून अब्बांवर आणलं.

अब्बांना दोन तोंडं होती.

"आला का साफ?" अब्दुल गनींनी बाकावरूनच विचारलं.

"तुमी हालले असान, अब्बा. पुन्हा काढू."

"आता नाई हालत." त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट रोवले.

या वेळी तारिक बाकावर बसला नाही. टायमर लावून तो भिंतीपर्यंत मागे सरकला. फोटो आला तेव्हा हजराबींच्या भुवईवरचा जुना व्रणसुद्धा मोजून घ्यावा इतका स्पष्ट होता. त्यांच्या शेजारी अब्बांचं तोंड तसंच फुटलेलं होतं, आणि मांड्यांवर रोवलेल्या हातांची बोटं तर मोजताच येत नव्हती.

 तारिक संगणकाशी गेला आणि त्याने नानाजींचा फोटो उघडला. त्या दिवशी त्याने कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवले होते, हे त्याला आठवलं. इतके दिवस हा फोटो उघडला की त्याची नजर नानाजींच्या तोंडावरून हलत नसे. आज त्याने पहिल्यांदा त्यांच्या मागचा पडदा पाहिला. पांढरी फुलं जिथल्या तिथे होती, एकाही पाकळीला दुसरी पाकळी फुटली नव्हती. त्याने प्रेमसिंगचा फोटो उघडला. तिथेही फुलं साफ होती.

कॅमेरा हलला तर सगळंच दोनदा येतं, असं दुकानदार म्हणाला होता.

"काय पाहून राह्यला रे?" अब्दुल गनी उठून पुढच्या भागात गेले होते. तिथून पंपाच्या दट्ट्याचा आवाज आला. तारिकने पडदा सारला. वडिलांनी एका पंपाचं तुंबलेलं नोझल काढून हातात घेतलं होतं. रोजच्यासारखं ते त्यांनी फुंकर मारायला तोंडाकडे नेलं. उभ्या हंगामात गावचं प्रत्येक नोझल ते असंच साफ करत आले होते, आणि तारिक लहानपणापासून ते बघत आला होता.

त्याने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं.

शिलाई मशीन चालू असताना टेबलाला हात लावावा, तसं ते मनगट आतून थरथरत होतं. तारिकला रडू फुटलं. ते आवरायचंही त्याला सुचलं नाही.

"काहून रे? झालं काय?"

"अब्बा, स्टँड नाई हालला. मी बी नाई हाललो." त्याने ते मनगट त्यांच्याच डोळ्यांसमोर धरलं.

अब्दुल गनींनी आपल्या हाताकडे पाहिलं. आत जाऊन संगणकावरचा प्रेमसिंग पाहिला, मग कॅमेऱ्यात स्वतःला पाहिलं.

"नानाजीचा बी असाच आलता?"

तारिकने मान डोलावली.

"मंग फवाऱ्याचं जहर त्याच्या अंगात आधीपासूनच होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुह्या कॅमेऱ्यानं पाह्यलं. आपल्याले नाई दिसलं."

"मी गाडी सांगतो. यवतमाळच्या दवाखान्यात जा लागते, आत्ताच."

"आत्ताच तं आलो ना तथून," म्हणत अब्दुल गनी हसले, पण नको म्हणाले नाहीत. हजराबींनी चपला शोधायला सुरुवातही केली होती.

तेवढ्यात दाराशी किसनराव आले. विजारीचे पाय पोटरीपर्यंत दुमडलेले, सदऱ्यावर पांढरट डाग. त्यांच्या अंगाला तोच उग्र वास होता, जो या दुकानात इतकी वर्षं मुरला होता की घरातल्या कुणाला तो येतच नसे.

"गनीभाई, झाला का माहा पंप? उजेड आहे तवर दोन तास मारून घेतो."

"पंप राहू द्या." अब्दुल गनींनी हातातलं नोझल खिडकीत ठेवलं. ते ठेवताना लोखंडी गजावर टकटक वाजलं. "आत या. फोटो काढून घ्या."

किसनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तारिकच्या ओल्या डोळ्यांकडे.

"मले नाई काढायचा, भाऊ. तुमाले माईत आहे सारं."

"माईत आहे म्हणूनच बलावून राह्यलो. गाडी येईस्तोवर बसा माह्या जागी. नवा स्टँड आणला आज. हालत नाई तो."

अब्दुल गनींनी दंडाला धरून त्यांना आत नेलं. किसनराव बाकाच्या कडेला टेकले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला. तो पुन्हा आला. तारिकने तिन्ही दांड्या तपासल्या. तिन्ही आवळलेल्याच होत्या. त्याने टायमर लावला आणि मागे सरकला.

लाल दिवा लुकलुकू लागला. कॅमेऱ्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे किसनरावांच्या मांडीवरच्या हातांकडे पाहत उभे होते.