नसीमचे नवे शब्द

नसीम लबाडी करते आहे, अशी मैनाताईंची आता खात्रीच पटली होती.

वनस्पतींच्या एका प्रयोगशाळेत दोघींची सगळी नोकरी झाली. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून त्या इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या मांडत. वाट्याला येतील त्या अक्षरांतून शब्द जुळवायचा आणि अर्थ सांगता आला नाही तर मुकाट उचलायचा, हा नियम त्यांनीच केलेला. नसीम ‘झायलेम’ लावायची आणि म्हणायची, “झाडाचा नळ गं, पाणी वर चढवणारा.” निवृत्तीनंतर ती मुलाकडे, नासिरकडे, वाघोलीला गेली. मैनाताई नारायण पेठेतच राहिल्या. पुढे गुडघ्यांनी त्यांचं हिंडणं बंद केलं आणि डाव फोनवर आला.

दिवाळीपासून मात्र नसीमचा खेळ बदलला. क्यू आला की यूची वाट बघत अडून बसणारी ही बाई, आता यूशिवायच क्यू खपवू लागली. एकदा तिने ‘झॅक्स’ लावला. मैनाताईंनी अर्थ विचारला. उत्तर आलं, “छतावरच्या दगडी पाट्या कापण्याचे व त्यांना भोके पाडण्याचे हत्यार.” उत्तर अचूक होतं. त्यात नसीम कुठेच नव्हती.

“वा! कौलं शाकारायचं काम धरलंस वाटतं,” मैनाताईंनी लिहिलं. त्यावर काही आलं नाही, नुसता पुढचा शब्द आला. फोन केला की नासिर उचलायचा. अम्मी झोपलीय, अम्मी नमाजाला बसलीय. तोंड चुकवते आहे, मैनाताईंनी ठरवलं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि गुणांसाठी खोटं खेळायचं? रविवारी त्यांनी रिक्षा केली आणि सरळ वाघोली गाठली.

दार नासिरने उघडलं. “काकू! कळवलं असतंत तर न्यायला आलो असतो.”

“कळवलं असतं तर तुझी आई पुन्हा नमाजाला बसली असती.”

नासिर हसला नाही. त्याने त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि समोर उभाच राहिला.

“अम्मी खेळत नाही, काकू. मी खेळतो. एक वेबसाइट आहे, अक्षरं टाकली की शब्द काढून देते. अर्थही देते.”

“आणि ती?”

“तिला आता वाचता येत नाही. मला स्वतःचा भाऊ समजते. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार.”

“मला सांगता येत नव्हतं?”

“तुम्ही खेळायचं थांबवलं असतंत. तुमचा शब्द आला की फोन वाजतो, तेवढंच तिला कळतं. ‘मैनाचं आलं’ म्हणते, मग जेवते. नाही वाजला तर दारं बडवत बसते.”

मैनाताई आत गेल्या. नसीम पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. फोन दोन्ही हातांत घट्ट धरलेला. केस कुणीतरी नीट विंचरून दिले होते, पण भांग भलत्याच बाजूला पाडला होता.

“नसीम.”

तिने फोन ओढणीखाली लपवला. “कोण आपण?”

“मी मैना.”

नसीमने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिच्या कपाळावर आठी चढली, चुकीची स्लाइड पुढे ठेवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी चढायची, तीच.

“मैना इकडे येत नाही. तिचे गुडघे दुखतात. आपण बाहेर बसा, आवाज करू नका. तिचं यायचंय अजून.”

मैनाताई बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. नसीम यातून कितपत बाहेर येईल, हे नासिरला विचारायची त्यांना गरज नव्हती. आत पलंगाच्या फळीवर मूठ आपटायला लागली, आधी हळू, मग जोरात. नासिर आत निघाला. त्यांनी त्याला हाताने थांबवलं, पर्समधून फोन काढला आणि चष्मा न शोधताच डोळ्यांसमोर धरला. चांगला शब्द निघण्यासारखा होता, पण तो जुळवत बसायला सवड नव्हती. त्यांनी तीन अक्षरं कशीबशी ‘टिन’ म्हणून लावली आणि पाठवली.

आत फोन वाजला. मूठ थांबली.

“मैनाचं आलं!” नसीम आतून ओरडली. आवाज अगदी पूर्वीचा होता. “आलं रे, ये लवकर!”

नासिर जागचा हलेना. तो मैनाताईंच्या तोंडाकडे पाहत राहिला.

“जा,” त्या म्हणाल्या. “तुझी खेळी आहे.”