खंडेनवमीचा लॅपटॉप

अष्टमीच्या संध्याकाळी पुण्याच्या कंपनीतून फोन आला: उद्या अकराला मुलाखत, आणि तुम्ही तयार केलेलं काम चालवून दाखवायचं. यामिनीला धड आनंदही होऊ दिला नाही त्या चार्जरनं. तो सॉल्ट लेकच्या ऑफिसात राहिला होता, आणि ऑफिसला दुर्गापूजेच्या सुट्टीचं कुलूप. बॅटरी मात्र निम्म्याहून जास्त होती. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि झोपेत काही खात नाही, असा तिचा हिशेब. पूर्ण बंद करावा, तर ते काम पुन्हा मांडून उभं करणं म्हणजे डोक्याला ताप. शिवाय विकणाऱ्यानं छातीठोक सांगितलं होतं, झाकण उघडा, हा जागा.

"बाबा, उद्या अकरापर्यंत याला कुणीही हात लावायचा नाही," तिनं सासऱ्यांना बजावलं.

दिगंबरराव बँकेतून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर मुलानं, प्रथमेशनं, त्यांना आपल्याकडे न्यू टाउनला आणलं होतं. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बंगाली शेजाऱ्यांशी मोडक्या हिंदीत हवापाण्याचं बोलायचं, एवढाच त्यांचा इथला गोतावळा. पुण्यात त्यांची बहीण होती, जुनी मित्रमंडळी होती. ही नोकरी मिळाली तर बिऱ्हाड तिकडेच हलणार होतं. यामिनीला ती स्वतःइतकीच त्यांच्यासाठी हवी होती.

सकाळी प्रथमेश कुणाकडे चार्जर मिळतो का ते बघायला बाहेर पडला. यामिनी आंघोळ करून आली, तर टेबलावर लॅपटॉप नाही! तो देवघरापुढे पाटावर बसला होता. एका बाजूला विळी, दुसऱ्या बाजूला स्क्रूड्रायव्हर, वर झेंडूचं फूल, आणि सगळ्यांवर मिळून रेशमी शेला.

"खंडेनवमी आहे ना आज. तुझं हत्यार हेच," बाबा म्हणाले. "उघडला नाही हो मी. नुसतं कुंकू लावलं."

तिनं झाकण उघडलं. काळाठिक्कर पडदा. बटण दाबलं. रिकाम्या बॅटरीचं लाल चित्र क्षणभर आलं आणि तेही गेलं. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. खालून लॅपटॉप चांगलाच गरम लागत होता.

"शेल्यात गुंडाळलात तुम्ही याला? कोंडून तापला तो, सगळी बॅटरी खाल्ली त्यानं! एक गोष्ट सांगितली होती, बाबा, एकच! हात लावू नका म्हणून!" तिचा आवाज चढतच गेला. "तुमच्या पूजेपायी पुणं गेलं माझं!"

बाबांनी शेल्याची घडी घातली आणि ते आपल्या खोलीत गेले.

प्रथमेश हात हलवत परतला. दुकानं बंद, उघडी होती त्यांच्याकडे या पिनचा चार्जर नाही, आणि रस्त्यात ठाकूर, म्हणजे मांडवातल्या देवीच्या मूर्ती, बघायला निघालेली ही गर्दी. यामिनीनं फोनवरूनच मुलाखत दिली. तोंडानं जमेल तेवढं समजावलं, घसा कोरडा पडेपर्यंत. पलीकडचा माणूस सभ्य होता. "बाकीच्यांनी चालवून दाखवलंय हो, आणि आम्हाला आजच ठरवायचंय," तो म्हणाला. पुढचं त्यानं न सांगताच कळलं.

ती तरातरा बाबांच्या खोलीकडे निघाली. अजून बरंच बोलायचं होतं तिला. दार अर्धवट उघडं होतं. बाबा पुण्याला बहिणीशी बोलत होते.

"नाही गं कालिंदी, जमलं नाही. माझीच चूक. भल्या पहाटे पूजेला उचलला ना, तेव्हाच हाताला चटका बसावा इतका तापलेला. आतून पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, तिचं काम चालू असेल. उठवून विचारायला हवं होतं. पण तिनं बजावलं होतं ना, हात लावू नका. आता आपण हात लावला हे कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून गप्प बसलो."

यामिनी दाराशीच थांबली. पहाटे, म्हणजे शेला अंगावर पडायच्या आधी. झाकणाखाली तो मेला रात्रभर टक्क जागा होता आणि तिनं त्याला झोपलेला समजून राखण बसवली होती. लाज वाटली तिला, आणि रागही आला. आता तो कुणावर काढायचा, तेवढं कळेना.

"तिला काही बोलू नकोस हं," बाबा फोनमध्ये सांगत होते. "फार मेहनत केली होती पोरीनं. माझ्यामुळे राहिलं तिचं पुणं."

यामिनी आत गेली आणि त्यांच्या हातून फोन घेतला.

"आत्या, यांचं ऐकू नका," ती म्हणाली. "लॅपटॉप रात्रभर जागाच होता. चूक माझी."