मोबाइल बाहेर ठेवा

शुक्रवारी दुपारी धाकटा भाऊ ताईच्या ऑफिसात आला तो तणतणतच. अग्निशमन दलाचा गणवेश अंगावर, कानामागे काजळी तशीच, आणि हातात ताईने बनवलेला नवा वायरलेस सेट. त्याने तो टेबलावर असा आपटला की चहा बशीत सांडला.

"घे तुझा डबा. मुका आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा म्हणे! अठरा महिने या सेटसाठी तिने हाडाची काडं केली होती. बंबावरच्या माणसांना आजवर तीन यंत्रं बाळगावी लागत. एक जुन्या पद्धतीचा वायरलेस, एक नव्या डिजिटल पद्धतीचा, आणि तिसरं मोबाइलच्या जाळ्यावरून इमारतींचे नकाशे घेणारं. तिन्ही पद्धतींच्या लहरी वेगळ्या, बोलण्याची रीत वेगळी, एकीचं दुसरीला कळत नाही. तीन जावा एका स्वयंपाकघरात नांदवाव्यात तशा त्या ताईने एका रिसीव्हरमध्ये नांदवल्या होत्या. इतर लोक प्रत्येक पद्धतीसाठी वेगळा फिल्टर बसवत, म्हणजे नको त्या लहरी दाराशीच अडवणारी चाळणी. त्याने सेट विटेएवढा व्हायचा. ताईने तिन्ही चाळण्या काढून टाकल्या, सगळ्या लहरींसाठी एकच रुंद दार ठेवलं आणि निवडानिवड आत सॉफ्टवेअरवर सोपवली. सेट वहीएवढा पातळ झाला. परिषदांमधून टाळ्या पडल्या. महिनाभर काही केंद्रांवर प्रयोगासाठी दिलेले हे सेट सोमवारी प्रत्येक अग्निशमन केंद्रावर वाटायचे होते, आणि मंजुरीच्या कागदावर ताईची सही होऊन चार दिवस झाले होते.

"मुका म्हणजे?" तिने विचारलं.

"मुका म्हणजे मुका! सकाळी सराव होता. तळघरात धूर भरलेला. कॅप्टनने तीनदा सांगितलं, बाहेर या. जुने सेटवाले ऐकून बाहेर पडले. आम्ही तुझे सेटवाले आतच, कोपरे चाचपत. शेवटी एकजण दोर धरून आत आला आणि आम्हाला खांद्याला धरून ओढून काढलं. खरी आग असती तर आत्ता तू माझ्या बायकोसमोर बसलेली असतीस."

"अँटेना मुठीत धरली असशील."

"मी काय दूधखुळा आहे?"

"लहानपणी घड्याळ खोलायचं आणि म्हणायचं आपोआप उघडलं, तोच ना तू? नाचता येईना अंगण वाकडं. चल, दाखवतेच तुला."

तिने सेट उचलला आणि ती तरातरा पत्र्याच्या खोलीकडे निघाली. ही खोली म्हणजे तिचं राज्य. चहूबाजूंनी पत्रा मढवलेला, दाराच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या. दार लावलं की बाहेरची एक लहर आत येत नाही. आत मग अगदी क्षीण सिग्नल सोडायचा आणि रिसीव्हरला तो ऐकू येतो का ते मोजायचं. एखाद्याच्या खिशात मोबाइल राहिला की मोजमाप बिघडायचं. म्हणून दारावर ताईनेच पाटी लावली होती, मोबाइल बाहेर ठेवा, आणि शेजारी लाकडी खण केले होते. या बाबतीत ती कुणाच्या बापाला भीक घालत नसे. खुद्द साहेबांना तिने एकदा सगळ्यांदेखत हाकललं होतं. मैदानावरच्या चाचण्यांनाही सगळ्यांचे मोबाइल दूर गाडीत ठेवायला लावले होते. शिस्त म्हणजे शिस्त.

"मोबाइल खणात ठेव," ती म्हणाली.

"नाही ठेवणार. आगीची वर्दी त्याच्यावर येते. आग लागली तर तुझा खण येणार आहे का सांगायला?"

"मग बाहेरच उभा राहा!"

तो दाराबाहेर उभा राहिला. त्याने स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून ताईने दार नेहमीसारखं न लावता हातभर उघडं ठेवलं. जुन्या पद्धतीचा सिग्नल सोडला, सेटमधून बारीक सूर आला. मोबाइल जाळ्याचा सोडला, पडद्यावर नकाशा उमटला. नव्या डिजिटलचा सोडला, इतका क्षीण की दुसऱ्या कुणाचा सेट असता तर त्याला पत्ताही लागला नसता. सूर पुन्हा आला, स्वच्छ.

"ऐकलंस?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात चांगलाच चढ आला होता. "आता कान तपासून घे."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याची बायको. त्याने तो कानाला लावला, "हो, मी ताईकडे आहे" एवढं म्हणाला, आणि सेटमधला सूर गेला.

"बंद कर ते!" ताई सवयीने ओरडली.

त्याने फोन कापला. सूर परत आला.

दोघांनी एकदा सेटकडे, एकदा मोबाइलकडे पाहिलं. मग ताई म्हणाली, "परत लाव."

त्याने बायकोला फोन लावला. सूर गेला. कापला, सूर आला. चार वेळा केलं. पलीकडून बायको म्हणाली, "डोकं फिरलंय का तुमचं?" पाचव्यांदा करून बघायची गरज नव्हती. ताईला सगळं कळलं होतं.

जाड भिंतींआड मोबाइलला रेंज कमी मिळते, म्हणून टॉवरपर्यंत पोचायला तो, कुणी बोलत नसलं तरी, जीव खाऊन ओरडतो. तळघरात तर जास्तच. त्या ओरडण्याची जागा नव्या डिजिटल पद्धतीच्या लहरींच्या अगदी शेजारी. जुन्या जाड सेटांमध्ये चाळणी होती, ती हा आरडाओरडा दाराशीच अडवायची. ताईचं दार सताड उघडं. कॅप्टनचा आवाज येतो लांबून, दबका. मोबाइल बोंबलतो छातीवरच्या खिशातून. सॉफ्टवेअर निवडणार काय कप्पाळ? त्याच्यापर्यंत काही पोचायच्या आधीच रिसीव्हरच्या कानठळ्या बसलेल्या.

आणि हे अठरा महिने कुणाला दिसलं नाही! प्रत्येक पद्धतीचं चाचणीचं पुस्तक वेगळं, आणि प्रत्येक पुस्तक एवढंच विचारतं की माझी पद्धत एकटी बोलली तर ऐकू येतं का. प्रत्येकाने आपापलं अंगण झाडलं होतं. पण पुस्तकांवर राग काढून काय उपयोग? हा सेट चाचणीत एकदा जरी कुणी मोबाइल खिशात ठेवून हाताळला असता तरी पहिल्याच आठवड्यात बिंग फुटलं असतं. तसं कुणाला करूच दिलं नव्हतं. ताईने दिलं नव्हतं.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली ती दार न वाजवता. भाऊ मागोमाग.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. या माणसाचा शांतपणाच ताईला कधी सोसला नव्हता.

"चाचणीच्या पुस्तकात ही अट आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग सेट पास आहे, बाई. सोमवारचं वाटप होऊ द्या. प्रत्येक सेटसोबत एक चिठ्ठी टाकू. वापरताना मोबाइल जवळ बाळगू नये."

"साहेब, आम्हाला वर्दीच मोबाइलवर येते," भाऊ म्हणाला. "आणि आग लागल्यावर चिठ्ठी वाचायची कधी? जळताना?"

"तुम्ही मध्ये बोलू नका. बाई, सही तुमची आहे. चाळण्या परत बसवायच्या म्हणजे सहा महिने, सेट पुन्हा जाड. लोक विचारतील, दीड वर्ष तुम्ही करत काय होतात? इतकं नाव कमावलंत, त्यावर स्वतःच्या हाताने पाणी सोडणार?"

खरं सांगायचं तर ताई क्षणभर थबकली. चिठ्ठी टाकली की काम भागत होतं. नाव शाबूत, सेट पातळ. आपण क्षणभर का होईना थबकलो, याचाच तिला मग इतका संताप आला की आवाज सगळ्या मजल्यावर गेला.

"उंटावरून शेळ्या हाकू नका, साहेब! चिठ्ठीने कान उघडत नाहीत. मी सही मागे घेते आहे. आत्ता."

"मग कंपनीतर्फे नाही, स्वतःच्या नावाने घ्या. आणि सोमवारी इथे खुर्ची असेल असं समजू नका."

"खुर्ची घाला चुलीत."

ती जागेवर आली आणि अग्निशमन दलाच्या प्रमुखांना पत्र लिहू लागली. भाऊ समोर बसून बघत होता. तिला वाटलं, आता तरी हा दोन बरे शब्द बोलेल. तो म्हणाला, "ताई, एक विचारू? माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाचा भाऊ आला असता, तर नेलं असतंस त्याला त्या खोलीत?"

ताईचा हात थांबला. ती उठली, कपाटातून एक फाइल काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. आत तीन कागद होते. प्रायोगिक सेट दिलेल्या केंद्रांकडून महिन्याभरात आलेल्या तक्रारी. तळघरात आवाज गेला. जिन्यात आवाज गेला. लिफ्टच्या खड्ड्यात आवाज गेला, कृपया पुन्हा तपासावे. तिन्हींवर एकच उत्तर टाइप केलेलं: सेट निर्दोष आहे, वापरणाऱ्याने सूचना नीट वाचाव्यात. खाली ताईची सही, ठसठशीत.

भावाने तिन्ही वाचले. तिसरा कागद त्याने बराच वेळ हातात धरला.

"हा आमच्याच केंद्रावरच्या एकाने लिहिलेला," तो म्हणाला. "त्याने मला दाखवलं होतं तुझं उत्तर. मी हसलो त्याला. सगळ्यांसमोर म्हणालो, माझ्या ताईने तपासलंय म्हणजे तपासलंय, तू आधी कानातला मळ काढ. त्या दिवसापासून सगळे त्याला मळ्या म्हणतात."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून?" त्याने कागद टेबलावर टाकला. "आज सकाळी दोर धरून आत तोच आला होता. त्याने जुना सेट सोडला नव्हता. सगळे हसत होते तरी सोडला नव्हता."

ताईने पत्र पुरं केलं. 'घाईत राहून गेले' असं लिहायचा मोह झाला, पण घाई कसली? दीड वर्ष रोज सकाळी, पूर्ण शुद्धीत, तिने मोबाइल बाहेर ठेवायला लावले होते. तिने तसंच लिहिलं. तिन्ही तक्रारी आणि आपली तिन्ही उत्तरं जोडली, सही केली आणि पर्स उचलली.

"कुठे निघालीस?" भावाने विचारलं. तो अजून तिच्याकडे बघत नव्हता.

"प्रमुखांकडे पत्र देते. मग तुझ्या केंद्रावर येते. त्याचं खरं नाव काय?"

भावाने नाव सांगितलं. ताईने ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि दोघं जिना उतरले.