दोघांचं जहाज

उमरखेडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत गफ्फारभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागले, सोल्डरिंग करताना बारीक तारेचा डाग नीट बसेना, तेव्हा त्यांनी ते बंद केलं. त्यानंतर ते घरासमोर खुर्ची टाकून बसायचे. आधी येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचे, मग नुसती मान हलवायला लागले, आणि पुढे तेही थांबलं.

त्यांची मुलगी कहकशां यवतमाळला एका लॅबमध्ये नोकरीला होती. तिची आई हमीदा फोनवर म्हणाली, "तुझे अब्बा दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसतात. पण रस्त्यावर कोण गेलं विचारलं तर सांगता येत नाही त्यांना."

त्या फोननंतर कहकशांला गेम आठवला.

ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्याने आपला कॉम्प्युटर गफ्फारभाईंकडे दुरुस्तीला टाकला आणि क्लास बंद करून तो माणूस गाव सोडून गेला. कॉम्प्युटर दुकानातच राहिला. सोबत फ्लॉपींचा एक डबा होता आणि त्यात हा गेम. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. गफ्फारभाई त्याला नुसतं 'जहाज' म्हणत.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेली जहाजं, गोल म्हणजे ग्रह, ठिपके म्हणजे तारे. एवढंच दिसायचं. तुम्हाला एक साधं जहाज मिळे आणि थोडे पैसे. एका ताऱ्यावर माल भरायचा, दुसऱ्या ताऱ्यावर नेऊन विकायचा. वाटेत लुटारू आडवे येत, त्यांच्याशी लढायचं. काय करा, कुठे जा, हे गेम कधीच सांगत नसे. जिंकलात असंही म्हणत नसे. समोर आभाळ उघडं टाकून तो गप्प राहायचा. कहकशांने नंतर कितीतरी चकचकीत गेम पाहिले. पण खेळणाऱ्यावर इतका भरवसा टाकणारा गेम तिला पुन्हा दिसला नाही.

आता तिने तो इंटरनेटवर शोधला, तर सापडला. लॅपटॉपवर उतरवून घेताना तिला हसू आलं. उतरायला काही वेळच लागला नाही. मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत कोणीतरी हजारो तारे बसवले होते, प्रत्येकाला नाव दिलं होतं, तिथे काय पिकतं आणि काय लागतं ते ठरवलं होतं. लहानपणी हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सुटीत घरी आली तशी तिने लॅपटॉप अब्बांसमोर ठेवला. गफ्फारभाईंनी चष्मा पुसला, पुढे वाकले आणि एकदम म्हणाले, "अरे! हे तं आपलं जहाज होय!"

हमीदा स्वयंपाकघरातून डोकावली. कितीतरी महिन्यांत त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता.

गफ्फारभाईंनी जहाज माल भरायच्या अवकाश-स्थानकातून बाहेर काढलं. सगळीकडे तारे पसरले. ते काही वेळ नुसतेच पाहत राहिले. मग जहाज वळवून पुन्हा स्थानकाकडे आणलं. या गेममध्ये लढाईपेक्षाही कठीण काम हेच होतं. स्थानक स्वतःभोवती फिरत असतं, त्याला एक चिंचोळं तोंड असतं, आणि ते ज्या गतीने फिरतं त्याच गतीने आपलं जहाज फिरवत आत शिरावं लागतं. जरा तिरपं गेलं की संपलं.

गफ्फारभाईंचं जहाज कडेवर आदळलं. दुसऱ्यांदाही आदळलं. तिसऱ्यांदा तर तोंडापासून पार लांबच धडकलं. त्यांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

"जमत नाई, बेटा. हात ऐकत नाई आता," ते म्हणाले, आणि पुन्हा बाहेर खुर्चीवर जाऊन बसले.

कहकशांचा चेहरा उतरला. ती आईजवळ येऊन बसली. हमीदा मेथी निवडत होती.

"मी उगाच आणलं, अम्मी. त्यांना आणखीच वाईट वाटलं."

"उगाच नाही," हमीदा म्हणाली. "अर्धंच आणलंस."

"म्हणजे?"

"तुझे अब्बा ते जहाज एकटे कधी खेळले होते? खेमसिंगभाऊ कुठे आहेत?"

आणि कहकशांला ते आठवले. दुकानात टीव्हीच्या रिकाम्या खोक्यावर बसलेला, पांढऱ्या धोतरातला उंच माणूस. ती त्यांना गिऱ्हाईक समजायची. ते पुसद रोडवरच्या बंजारा तांड्यातले खेमसिंग राठोड. पहिल्यांदा रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले होते. तो दुरुस्त होईपर्यंत बसले आणि पडद्यावरचा गेम पाहून म्हणाले, "हे तं लदेणी हाय!" त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरायचे, त्या फिरतीला तांड्यात लदेणी म्हणतात. त्या दिवसापासून गफ्फारभाई जहाज चालवायचे आणि माल कोणता घ्यायचा, कुठे न्यायचा, हे खेमसिंग ठरवायचे. इंग्रजी दोघांचंही जेमतेम होतं. अक्षर अक्षर लावून त्यांनी मालाची नावं शिकून घेतली होती.

"भांडण झालं का त्यांचं?" कहकशांने विचारलं.

"भांडण कशाचं? कॉम्प्युटर बंद पडला. पार्ट मिळेना. मग येणं कमी झालं. मग बंदच झालं."

कहकशां बाहेर अब्बांकडे गेली. "अब्बा, खेमसिंगकाका भेटत नाहीत का आता?"

"त्याले वावरात काम असते," गफ्फारभाई रस्त्याकडे पाहत म्हणाले. "कायले त्रास द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कहकशांने शेजारणीची स्कूटी मागून घेतली आणि तांड्याची वाट धरली.

खेमसिंग अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होते. केस पांढरे झाले होते, पण पाठ तशीच ताठ होती. त्यांची बायको लालीबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. कहकशांने नाव सांगितलं तशी लालीबाई उठलीच. "गफ्फारभाईची पोरगी? आव बेटी, बेस," म्हणत तिने बाजेवर गोधडी टाकली आणि सोलल्या दाण्यांची मूठ तिच्या हातात दिली.

"गफ्फार बरा हाय ना?" खेमसिंगने घाईने विचारलं.

"बरे आहेत. काका, तुम्ही काहून येत नाही आता घरी?"

खेमसिंगच्या हातातली दोरी थांबली. ते जरा ओशाळले. "येऊ कोणत्या कामानं? पह्यले रेडिओ बिघडे, मग ते जहाज होतं. आता रेडिओच नाई कोणाकडं. बिनकामाचं जाऊन बसलं तं त्याचा धंदा खोळंबते."

"त्यांनी दुकान बंद केलं, काका. दिवसभर घरीच बसलेले असतात."

"बंद केलं?" खेमसिंगने दोरी खाली ठेवली. "मले कोणी सांगतलं नाई."

लालीबाई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "हे बी दिवसभर दोरीच वळून राह्यले. एवढ्या दोरीनं बांधायचं कोणाले? बैल तं इकले."

"जहाज पुन्हा चालू झालंय," कहकशां म्हणाली.

खेमसिंगने अधिक काही विचारलं नाही. आत जाऊन धुतलेला सदरा घालून आले आणि स्कूटीवर मागे बसले.

घरासमोर उतरले तेव्हा गफ्फारभाई खुर्चीवरच होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गळाभेट वगैरे काही झाली नाही. खेमसिंग म्हणाले, "काय बे, लय म्हातारा झाला तू."

"अन् तू काय नवरदेव होय?" गफ्फारभाई म्हणाले आणि खुर्चीवरून उठले. "चाल आत."

हमीदाने चहा टाकला. कहकशांने लॅपटॉप उघडला. गफ्फारभाई समोर बसले, खेमसिंग त्यांच्या उजव्या हाताला. खोकं नव्हतं म्हणून त्यांनी स्टूल ओढून घेतलं. मालाची यादी पडद्यावर येताच खेमसिंगचं बोट तिच्यावरून फिरायला लागलं.

"हा गाव शेतीचा दिसून राह्यला," ते म्हणाले. ताऱ्यांना ते गावच म्हणत. "धान्य सस्त हाय. धान्य भर. शेजारचा कारखान्याचा गाव दिसते, तिथं उठाव असन."

"कपडा नाई घ्यायचा का?"

"कपड्याले इथं काय भाव हाय पाह्यला का? तू जहाज चालव ना बाप्पा."

जहाज निघालं. उडी मारून दुसऱ्या ताऱ्याजवळ पोचलं. समोर ग्रहाचं वर्तुळ हळूहळू मोठं होऊ लागलं. कहकशां मागे उभी राहून पाहत होती. नुसत्या रेघा होत्या, पण त्या रेघांमध्ये किती लांबचं अंतर दिसत होतं! आणि त्या अंतरात दोन म्हातारे शिरले होते. चहा निवून गेला तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

मग आसपासची जहाजं दाखवणाऱ्या खालच्या पट्टीवर तीन ठिपके उगवले.

"आले," खेमसिंग म्हणाले. "मांगून येऊन राह्यले."

गफ्फारभाईंनी जहाज गर्रकन वळवलं. एक लुटारू समोर आला, गफ्फारभाईंनी नेम धरला आणि तो फुटला. पण उरलेले दोघे बाजूने गोळ्या घालत होते. गफ्फारभाईंचे हात थरथरू लागले. एक नेम चुकला, दुसराही चुकला. जहाजाचं कवच दाखवणारी रेघ भराभर आखूड होत गेली.

"पळ!" खेमसिंग म्हणाले.

"पळू कसा? त्यायचा वेग जास्त हाय."

"मंग माल टाक."

गफ्फारभाईंनी पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. पूर्वी एखादी खेप बुडाली तर खेमसिंग दिवसभर तोंडातून शब्द काढत नसत. "माल टाकू? तू म्हणून राह्यला हे?"

"समोर पाहाय! टाक म्हणतो ना. माह्या आज्यानं सांगतलेलं हाय, वाटंत लुटारू आले का गोण्या सोडून देत अन् बैल हाकलत. माल काय, पुन्हा भरता येते. तुह्यासारखा डायवर मी कोठून आणू?"

गफ्फारभाईंनी कळ दाबली. धान्याचे डबे एकामागून एक जहाजाच्या पाठीमागे सुटले. दोन्ही लुटारू वळले आणि डबे गोळा करायला लागले. तेवढ्यात गफ्फारभाईंनी सगळा वेग लावून जहाज स्थानकाच्या दिशेने सोडलं. ठिपके मागे पडत पडत पट्टीवरून नाहीसे झाले.

"गेले," खेमसिंग म्हणाले आणि कपाळ पुसलं.

पण खरं संकट अजून पुढेच होतं. स्थानक समोर आलं. ते संथ फिरत होतं आणि त्याचं चिंचोळं तोंड त्याच्यासोबत फिरत होतं. गफ्फारभाईंनी हात कळांवरून उचलून मांडीवर पुसले.

"काल तीनदा फुटलं," ते हळूच म्हणाले.

"काल मी नव्हतो," खेमसिंग म्हणाले. "तू फक्त तोंडाकडं पाहाय. फिरवायचं कवा ते मी सांगतो."

गफ्फारभाईंनी जहाज पुढे नेलं. खेमसिंगने आडवा हात हवेत धरला आणि स्थानकासोबत तो फिरवायला सुरुवात केली. "हळू... हळू. थोडं डाव्या अंगानं. एवढं नाई. हा, आता धर. धरून ठेव... धर..."

तोंड मोठं मोठं होत आलं. गफ्फारभाईंची बोटं अजूनही थरथरत होती, पण खेमसिंगच्या आवाजाबरोबर ती दाबत होती आणि त्या आवाजाबरोबरच सुटत होती.

"जा! आता जा!"

जहाजाची एक बाजू कडेला घासली. कवचाची उरलीसुरली रेघ लुकलुकली. आणि मग पडदा बदलला. जहाज आत होतं.

मग गफ्फारभाई इतक्या जोराने हसले की त्यांना ठसका लागला. खेमसिंग त्यांच्या पाठीवर थापट्या मारत स्वतःही हसत होते. हमीदा पाणी घेऊन आली. "पोचलं का?" तिने विचारलं.

"पोचलं, भाभी," खेमसिंग म्हणाले. "रिकामं पोचलं, पण पोचलं."

कहकशां दारापाशी उभी होती. हा गेम कोणी बनवला, त्या लोकांचे चेहरे तिने कधी पाहिले नव्हते. कुठल्यातरी लांबच्या देशात बसून त्यांनी तारे मांडले, माल ठरवला, स्थानक फिरतं ठेवलं. उमरखेडच्या गल्लीत एक मेकॅनिक आणि तांड्यातला एक शेतकरी तो असा वाटून घेऊन खेळतील, हे त्यांना सुचलंही नसेल. तरीही दोघांना पुरेल एवढी जागा त्यात होती. त्या अनोळखी लोकांविषयी तिच्या मनात आदर दाटून आला.

जेवण करून खेमसिंग संध्याकाळच्या आत तांड्याला परतले. जाताना म्हणाले, "बाजाराच्या दिवशी येतो. तोवर तू एकटा कुठं जाऊ नको."

"जातो कशाले? तुह्याशिवाय कोणता माल भरू?" गफ्फारभाई म्हणाले.

कहकशांने लॅपटॉप तिथेच ठेवला आणि यवतमाळला परतली. बाजाराच्या दिवशी दुपारी ती लॅबमध्ये असताना अब्बांचा फोन आला. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता, म्हणून ती घाबरतच बाहेर आली.

"बेटा, तू सांग बरं," गफ्फारभाई तावातावाने बोलत होते. "सकाळपासून खेपा केल्या, पैसे जमले. मी म्हणतो चांगली बंदूक बसवू. हा म्हणते माल ठेवाची जागा वाढवू. ऐकतच नाई!"

मागून खेमसिंगचा आवाज आला. "तिले कायले विचारतं? ती का आपल्यासंगं येऊन राह्यली?"

"तू थांब जरा! बेटा, बोल."

"तुम्ही दोघंच ठरवा, अब्बा," कहकशां हसत म्हणाली.

पण पलीकडे आता तिचं कोणी ऐकत नव्हतं. फोन चालूच राहिला होता, आणि बंदूक की जागा यावरून दोघांचं जोरात वाजत होतं. लॅबमधून कोणीतरी तिला हाक मारली, तरी ती आणखी थोडा वेळ व्हरांड्यात उभी राहून ऐकत राहिली.