अकरा हलक्या कॅप्सूल

मेंदूभोवती रक्तस्राव होऊन मी वाचलो, पण आगाऊपणा काही कमी झाला नाही. उलट इस्पितळातून घरी आल्यावर तो वाढलाच.

चाळीस वर्षं मी तराजू दुरुस्त करतोय. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे. केसभराचा फरक पकडणारा माणूस, असं लोक म्हणतात. लोकांपेक्षा जास्त मीच म्हणतो. कामाच्या टेबलाशी परत बसायला मिळेल की नाही, एवढी एकच धास्ती होती. हात-पाय चालत होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं डावीकडे लक्षच जात नाही. मेंदूचा तो भाग दुखावलाय. ते सुधारेपर्यंत काम बंद." मी हसलो. डावीकडे काही असतं, तर मला दिसलं नसतं का?

मेंदू सावरावा म्हणून बाईंनी मला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. तीन महिने सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल. अर्ध्या रुग्णांना खरं औषध, अर्ध्यांना नुसती भुकटी, आणि कुणाला काय ते बाईंनाही ठाऊक नाही. मी मान डोलावून सही ठोकली आणि घरी येताच ठरवलं, की हे गुपित आपण फोडायचं.

बायकोला विश्वासात घ्यायचा प्रश्नच नव्हता. आजारपणापासून तिनं माझ्याजवळ बसणंच सोडलं होतं. जेवताना शेजारी कुणी नाही, आवाज मात्र कुठून तरी यायचा, "अहो, कोशिंबीर राहिली." ताटात कोशिंबीर नसायचीच. पस्तीस वर्षं संसार केला आणि माणूस आजारी पडताच ही लांब पळाली, म्हणून मी मनातल्या मनात कुढायचो.

एका दुपारी कपाटातला जुना तराजू काढला. आठवड्याच्या डबीत बारा कॅप्सूल उरल्या होत्या. उजव्या पारड्यात कॅप्सूल, डाव्यात चिमट्यानं वजनं. पहिली भरली चारशे वीस मिलिग्रॅम. पुढच्या अकरा झाडून सगळ्या चारशे. म्हणजे एकाच डबीत खऱ्या-खोट्याची भेसळ! मला इतका आनंद झाला, की ती जड कॅप्सूल मी पाण्याशिवायच गिळली. हलक्या अकरा एका बाटलीत भरून लपवल्या आणि साडेपाच दिवस बायकोला थापा मारल्या, "घेतली, घेतली."

तपासणीच्या दिवशी सकाळी टेबलावर नाश्त्याची ताटं मांडताना बाटली तिच्या हाती लागली. अशी तडकली, की विचारू नका.

"तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?"

"अगं, या खोट्या आहेत. तोलून बघितल्यात."

"दाखवा."

मी ऐटीत तराजू पुढे ओढला. पारडी अजून मोकळीच होती.

"रिकाम्या तराजूचा काटा असा वाकडा का?" तिनं विचारलं.

तोलण्याआधी रिकामा काटा पाहायचा, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी पाहिलाच नव्हता.

तिनं माझ्या हनुवटीला धरून मान डावीकडे वळवली. डाव्या पारड्याच्या पार कडेला, कागदासारखं पातळ, वीस मिलिग्रॅमचं वजन पडलं होतं. पहिली कॅप्सूल तोलून झाल्यावर मी ते उचललंच नव्हतं. पेटीतली त्याची जागाही डाव्या टोकाला. ती रिकामी आहे, हेही मला कळलं नव्हतं. ते काढून अकराही कॅप्सूल पुन्हा तोलल्या. सगळ्या चारशे वीस.

अकरा वेळचं औषध मी माझ्या हुशारीपायी बुडवलं होतं, आणि बाईंचं म्हणणं शब्दन् शब्द खरं होतं. मला रडू फुटलं.

"बाईंना सगळं खरं सांगायचं," ती म्हणाली.

"सांगतो. पण तू इतके दिवस होतीस कुठे? जवळ बसत का नव्हतीस?"

"इथेच तर बसते रोज. बाईंनीच सांगितलंय, त्यांच्या डाव्या हाताला बसा, तिकडून बोला, म्हणजे मान वळेल."

मी मान आणखी वळवली. डावीकडे तिची खुर्ची होती, समोर तिचं ताट होतं, आणि ती होती. गालफडं बसली होती, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. महिन्याभरात पाच किलो तरी उतरली असेल, आणि केसभराचा फरक पकडणाऱ्या मला ते आज दिसत होतं.