पीटची कोरी ओळ

"हळद लावताय खरी, पण हिच्या अंगावर दिसायची कशी गं?"

माझ्या हळदीला गंगुबाईआत्या असं म्हणाली आणि सगळा मांडव हसला. मीही हसले. नवरीनं रडायचं ते पाठवणीला, हळदीला हसायचंच असतं.

तो आवाज मला पुन्हा ऐकू आला तो मेलबर्नच्या एका डच वृद्धाश्रमात. मी तिथे केअरर आहे. क्लेटनच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकले मार्केटिंग, आता ट्रुगानिनाहून तास-दीड तास गाडी हाकत येऊन आजोबांच्या पायांत मोजे घालते.

पाच डिसेंबरला या लोकांचा भेटी वाटणारा संत, सिंटरक्लास येतो. लाल झगा, पांढरी दाढी, हातात सगळ्यांच्या खोड्यांची वही. सोबत त्याचा नोकर झ्वार्टे पीट, म्हणजे काळा पीट. दरवर्षी कुणी गोरा स्वयंसेवक तोंडाला काळं फासून, कुरळा टोप घालून, ओठ लालभडक करून पीट व्हायचा आणि माकडउड्या मारायचा. २०१९ साली ऐन वेळी काळ्या रंगाची डबी उघडली, तर आतला रंग वाळून खडा झालेला. आमचे कायमचे सिंटरक्लास हेंक, वय सत्त्याऐंशी, माझ्याकडे बघून म्हणाले, "काळजी कसली? मयूरा आहे की! रंग वाचला."

हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं मी.

मग करोना आला. २०२०च्या डिसेंबरात बाहेरच्या स्वयंसेवकांना बंदी, तेव्हा पीट कोण आणि कसा, यावर आमची मॅनेजर लीना हिनं आजी-आजोबांच्या घरच्यांची झूम मीटिंग लावली.

"तो धुराड्यातून उतरतो. काजळी लागते, बस," हेंकचा मुलगा म्हणाला.

"काजळीनं केस कुरळे होतात?" कुणाची तरी नात म्हणाली.

"डॅड, तुम्ही म्यूटवर आहात," तिसराच कुणी ओरडला.

"आता हॉलंडमध्येही पीट बदलतोय," लीनानं समजावलं.

"मी हॉलंड सोडलं तेव्हा बदलत नव्हता!" हेंक माझ्या शेजारीच बसले होते. "पीट नाही तर सिंटही नाही. आणि वाईट कुणाला वाटतंय? मयूराला विचारा. तेव्हा सगळ्यात जास्त तीच हसली!"

माझंच हसू माझ्याविरुद्ध साक्षीला उभं! अठरा चौकोन माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं काय?

"नो वरीज. यंदा मी होईन पीट. पण रंग नाही, टोप नाही. आणि हेंकच्या भेटीवरची कविता मी लिहिणार."

ही त्यांची रीत मला फार आवडते. भेटीच्या पुडक्याला चिडवणारी कविता बांधतात. ज्याची भेट त्यानं ती आधी मोठ्यानं वाचायची, रागवायचं नाही. आमची आत्या असती तर सगळ्या आश्रमाला पुरून उरली असती. मी लिहिलं इंग्रजीत, पण चाल तिचीच धरली.

पाच तारखेच्या आर्व्होला, म्हणजे दुपारी, हेंक झगा घालून बसले. मास्कवर कापसाची दाढी, दाढीवर फेसशील्ड. मी पुडकं हातात दिलं. ते वाचू लागले, मराठीत सांगायचं तर असं:

हेंकबुवा संत झाले, दाढी लावली कापसाची,
नॅपकिनात लपवी मटार, खोड जाईना बाळपणाची.

हॉलभर खसखस पिकली. हेंकही खुलले.

पत्त्यांत करी लबाडी, वर म्हणे देव बघतो,
देव बघो वा ना बघो, पीट सारं लिहून ठेवतो.

टाळ्या पडल्या.

धुराड्यातून आला पीट, तोंड माखलं काजळीनं,
सदरा कसा राहिला कोरा, धुतला कोणत्या साबणानं?

इथे हसू जरा अडखळलं. हेंकचा आवाज उतरला.

मागल्या साली हसले मी, सगळ्यांहून मोठ्यानं,

त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "पुढची ओळ कोरी आहे. यमक जुळलं नाही वाटतं?"

"नाही जुळलं," मी म्हणाले. मास्कआडून कुणाला दिसत नव्हतं, पण या वेळी मी हसत नव्हते. "हेंक, माझी एक आत्या होती. तिला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगते. मी हसले खरी. पण मला ते लागलं होतं. फार लागलं होतं."