हाताने थांबवलेला ओळंबा

मी ओळंबा बोलतोय. बोलायची हौस नाही मला. जन्मभर गप्प लटकायचं काम केलं. पण भिंत वाकली की सगळे मलाच जाब विचारतात, तेव्हा ऐका एकदाचं, आणि मध्ये तोंड घालू नका.

मी पितळेचा, पेरूएवढा, खाली टोकदार. वर दोरी, दोरीला लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला टेकवायचा, मला खाली सोडायचं आणि माझं डोलणं थांबेपर्यंत वाट बघायची. एवढीच अक्कल लागते. सरळ राहायला मी काही कष्ट करत नाही. जमीन ओढते, मी ओढू देतो.

माझा मालक मिस्त्री. हात सोन्याचा, डोकं दगडाचं. धाकट्या भावाशी दहा वर्षं अबोला धरला, आणि एक दिवस तो भाऊच गेला. तेव्हापासून याच्या जिवाला चैन नाही. बायको म्हणायची, देवापुढे बसा, मन मोकळं करा. हा म्हणायचा, "देवाला कशाला मध्ये घेतेस? भिंती ओळंब्यात आणतो तसं मनही आणीन. माझं मी."

मग सुरू झालं. पहाटे गार पाणी, एक वेळ जेवण, आणि हजार श्वास मोजायचे. नऊशेला भाऊ आठवायचा, की पुन्हा एकपासून. त्या रागात भांडी आपटायची. याच्या शांततेला कंटाळून घरातलं मांजर पळालं.

शेवटी ध्यानासाठी परसात खोली बांधायला काढली, एकट्याने. मला सोडायचा, आणि मी डोलतोय तोवरच बोटांनी धरून थांबवायचा. दर थराला तेच. अरे बाबा, हाताने थांबवलेला ओळंबा हाताच्या मनासारखंच सांगणार.

भिंत डोक्याच्या वर गेली तेव्हा बायको म्हणाली, वाकडी दिसते. याने मलाच हत्यारांच्या डब्यात भिरकावलं. "ओळंबाच खोटा आहे." नाचता येईना, अंगण वाकडं.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर तुळया चढायच्या होत्या. चढल्या असत्या तर सगळं याच्याच टाळक्यात आलं असतं. बायकोने मला डब्यातून काढलं, स्टुलावर चढली, ठोकळा टेकवला आणि मला सोडलं. याचा हात सवयीने पुढे आला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "त्याचं त्याला थांबू दे."

थांबलो. सरळ भिंतीला मी जेमतेम टेकतो; इथे पायथ्याशी मी भिंतीपासून चार बोटं लांब.

त्याने ते पाहिलं. मग घण आणला आणि आपली भिंत आपणच पाडली. विटांच्या ढिगावर बसला. म्हणाला, "देवा, माझ्याने होत नाही. तू दाखव." मग भावाचं नाव घेऊन लहान पोरासारखा रडला.

सकाळी विटा झाडल्या आणि पुन्हा पहिला थर मांडला. घाम तेवढाच, कंबरदुखी तीच. फक्त आता मला सोडून हात मागे घेतो आणि थांबतो.

माझं टोक बोथट झालंय, दोरी झिजलीय, भिरकावल्याचा चरा अंगावर आहे. तरी लटकेन तर सरळच लटकेन. तुम्हीही मला सोडलंत तर हात मागे ठेवा.

त्याने देवाची माफी मागितली, बायकोची मागितली, गेलेल्या भावाचीही मागितली. मला खोटा म्हणाला, तेवढी राहिलीय. आहे मी इथंच, खिळ्याला. माफी मागायची कोणाची राहिलीय विचाराल तर नाव सांगतो: मिस्त्री.